स्टँड उचलला की सायरन

पुण्याच्या पेठांमध्ये दुचाकी रात्री वाड्याबाहेर, रस्त्यावरच उभी राहते. हँडल लॉक एका हिसक्यात तुटतं, पण साइड स्टँड वर केल्याशिवाय गाडी ढकलून नेता येत नाही. म्हणून पहारा तिथेच बसवायचा.

बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत सगळं सामान मिळतं: 12 व्होल्टचा सायरन, चार पिनांचा रिले (विजेवर चालणारा स्विच; पिनांचे नंबर 30, 85, 86, 87), मायक्रोस्विच (पट्टी दाबली-सोडली की चालणारा छोटा स्विच), 2 अँपिअरचा फ्यूज आणि एक साधा टॉगल स्विच. बॅटरीच्या प्लसवरून आधी फ्यूज, मग सीटखाली लपवलेला टॉगल. पुढे वायरीचे दोन फाटे: एक रिलेच्या 30 नंबरला, दुसरा मायक्रोस्विचमधून 86 ला. 85 चासीला, म्हणजे गाडीच्या धातूच्या सांगाड्याला. 87 वरून सायरन, आणि तिथूनच एक वायर परत 86 वर. ही शेवटची वायर विसरू नका! तिच्यामुळे चोराने घाबरून स्टँड पुन्हा खाली केला तरी सायरन थांबत नाही, टॉगल बंद करेपर्यंत वाजत राहतो.

स्टँड खाली असताना मायक्रोस्विचची पट्टी दाबलेली राहायला हवी. जोडणी कॉमन आणि एनसी (पट्टी दाबली की तुटणाऱ्या, सुटली की जुळणाऱ्या) टोकांना. गाडी उभी असताना बॅटरी अजिबात खर्च होत नाही. स्विच चिखलाच्या माऱ्यात येतो, म्हणून पावसाळ्याआधी त्याच्या सांध्यांवर सिलिकॉन भरा. कंपनीने दिलेल्या स्टँड सेन्सरला मात्र हात लावू नका.