त्रिनिदाद-टोबॅगोला आठवडाभरासाठी जाताय? या चुका टाळा

भारतीय पासपोर्टवर कॅरिबियनमधल्या त्रिनिदाद-टोबॅगो या दोन बेटांच्या देशात पर्यटनासाठी ९० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. एवढं वाचून लोक तिकीट काढतात आणि तिथूनच घोळ सुरू होतो. सहल अडते ती बहुतेकदा वाटेतल्या विमानतळावर किंवा परतताना मुंबईत.

स्वस्त तिकीट पाहून मार्ग ठरवणं

न्यूयॉर्क किंवा मायामीमार्गे जाणाऱ्याला विमानतळाबाहेर पडायचं नसलं तरी अमेरिकेचा व्हिसा लागतोच, कारण तिथं ट्रान्झिट प्रवाशालाही इमिग्रेशनमधून जावं लागतं. टोरांटो आणि लंडनचेही ट्रान्झिटचे नियम वेगवेगळे आहेत. लंडनला हीथ्रोवर उतरून पुढचं विमान गॅटविकहून असेल, तर मामला आणखी किचकट. म्हणून पासपोर्टवर आधीच कोणता व्हिसा आहे ते बघा आणि मग मार्ग निवडा. दोन वेगळी तिकिटं जोडून पैसे वाचवू नका. बॅगा घेऊन पुन्हा चेक-इन करण्यासाठी त्या देशात प्रवेश घ्यावा लागतो आणि व्हिसा नसेल तर प्रवास तिथंच संपतो.

यलो फीव्हरची लस विसरणं

सगळ्यांत महागात पडणारी चूक हीच. यलो फीव्हर म्हणजे डासांमुळे पसरणारा पीतज्वर. त्याचा धोका असलेल्या देशांच्या भारत सरकारच्या यादीत त्रिनिदादचं नाव आहे. तिथून निघाल्यावर ६ दिवसांच्या आत भारतात उतरलात आणि लशीचं पिवळं कार्ड दाखवता आलं नाही, तर विमानतळावरूनच ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. ही लस जवळच्या दवाखान्यात घेऊन चालत नाही, सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते. प्रमाणपत्र लशीनंतर १० दिवसांनी लागू होतं आणि पुढे आयुष्यभर चालतं. तारीख मिळायला वेळ लागू शकतो, तेव्हा महिना-दीड महिना आधीच हालचाल करा. कार्डावरचं नाव, पासपोर्ट क्रमांक, बॅच क्रमांक आणि शिक्का केंद्रातून निघण्यापूर्वीच तपासा. साठीपुढच्यांनी आणि अंड्याची ॲलर्जी असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही लस घेऊ नये. आजी-आजोबांना न्यायचं असेल तर तिकिटाआधी हा प्रश्न सोडवा.

कारोनी सकाळी उरकणं

कारोनीचं पक्षी अभयारण्य राजधानी पोर्ट ऑफ स्पेनहून दक्षिणेला जाताना वाटेतच लागतं. त्यामुळे नकाशा पाहून बेत आखणारे ते पहिलं घेतात आणि रिकाम्या हाती परततात. लालभडक स्कार्लेट आयबिस दिवसभर चरायला गेलेले असतात आणि सूर्यास्ताच्या सुमारास थव्याथव्यांनी खारफुटीच्या बेटांवर उतरतात. म्हणून दुपारी चारच्या सुमारास सुटणारी होडी आदल्या दिवशीच ठरवून ठेवा. पक्षी बिचकू नयेत म्हणून होडी लांबच थांबवतात. फोनच्या फोटोत नुसते लाल ठिपके येतात, तेव्हा दुर्बीण न्याच. डासांचं मलमही हवं.

दिवस उलटा लावा. सकाळी लवकर निघून आधी ला ब्रेआचा पिच लेक गाठा. सुमारे ४० हेक्टरचं हे डांबराचं तळं ऊन चढलं की मऊ पडतं. काही ठिकाणी वरून टणक दिसणारी साय पायाखाली खचते, म्हणून वाटाड्याशिवाय आत जाऊ नका आणि सपाट तळव्याचे बूट घाला. परतताना कारापिचायमाला दत्तात्रेय मंदिर आणि ८५ फुटी हनुमान मूर्ती, जवळच वॉटरलूचं समुद्रातलं मंदिर, आणि शेवटी कारोनी. कारापिचायमाला घाईने गाडीतूनच हात जोडून पुढं जाऊ नका. इतक्या दूर दत्ताचं देऊळ भेटणं आपल्या माणसासाठी साधी गोष्ट नाही.

टोबॅगो एका दिवसात

त्रिनिदादहून टोबॅगो बेटावर जायला विमानाचा प्रवास २५ मिनिटांचा, पण शनिवार-रविवार, ईस्टर आणि कार्निव्हलच्या दिवसांत जागा मिळत नाहीत. फेरीबोटीला एका बाजूने साडेतीन-चार तास लागतात आणि समुद्र लागणाऱ्यांचे हाल होतात. किमान दोन रात्री ठेवा आणि परतीच्या आंतरराष्ट्रीय विमानाच्या आदल्या दिवशीच त्रिनिदादला या. टोबॅगोच्या बुकू रीफवर, म्हणजे प्रवाळाच्या खडकांवर, होडीतून उतरलात तर प्रवाळावर पाय देऊ नका. पाय कापतो आणि प्रवाळही मरतं.

बारीकसारीक, पण नडणारं

लष्करी छापाचे कपडे तिथं कायद्याने बंद आहेत, लहान मुलांचेही. वीज ११५ व्होल्टची आहे आणि पिना चपट्या. मोबाइलचा चार्जर चालतो, आपली इलेक्ट्रिक किटली मात्र नीट तापत नाही. रुपये बदलून मिळतील या भरवशावर राहू नका, अमेरिकन डॉलर न्या. टॅक्सीची नंबरप्लेट ‘एच’ने सुरू होणारी असावी. ‘पी’ची गाडी खासगी असते, तिच्यात भाडं देऊन बसू नका. शाकाहारींनी सकाळी रस्त्यावरचे डबल्स, म्हणजे ‘बारा’ नावाच्या मऊ तळलेल्या पुऱ्या आणि छोले, बिनधास्त खावेत, पण तिखट थोडंच घालायला सांगावं. कॅलालू ही पाल्याची भाजी मात्र विचारून घ्या, त्यात बऱ्याचदा खेकडा असतो.

२०२४च्या अखेरीपासून त्रिनिदादमध्ये वेळोवेळी आणीबाणी लागू झाली आहे. निघण्याच्या आठवड्यात भारतीय उच्चायुक्तालयाच्या सूचना वाचा आणि अंधार पडल्यावर पोर्ट ऑफ स्पेनच्या मध्यभागात पायी फिरू नका.