ब्रॉडकास्ट जातो, पण पोचत नाही

आर्वीकडे आमचा लाकडी घाणा आहे. जवस, तीळ, शेंगदाणा. जाहिरातीला पैसा नव्हता, म्हणून व्हॉट्सॲपवर ब्रॉडकास्ट, म्हणजे एकच मेसेज यादीतल्या सगळ्यांना एकदम पण वेगवेगळा पाठवणं, सुरू केला. फोन मात्र कोणाचाच येईना. मेसेज इन्फो उघडून पाहिलं, तर पोचलेल्यांत चार-दोनच नावं, तीही घरचीच.

कारण साधं आहे. एका यादीत २५६ नंबर बसतात, पण ज्यानं आपला नंबर सेव्ह केला, त्यालाच ब्रॉडकास्ट मिळतो.

मग बाजारात बाटली देतानाच म्हणू लागलो, "काकाजी, एक मिस कॉल द्या, अन् 'घाणा तेल' म्हणून सेव्ह करा. जवसाचं ताजं तेल निघालं की कळवतो." म्हाताऱ्या माणसांच्या फोनवर त्यांना विचारून मीच सेव्ह करून देतो. आता मेसेज पोचतात आणि लोक भावही विचारतात.

गुड मॉर्निंगची फुलं अजिबात पाठवत नाही. त्यानं लोक ब्लॉक करतात. घाणा चालेल त्या दिवशी भाव आणि एक फोटो, बस्स. सगळ्यात जास्त फोन तेलाच्या नाही, ओल्या-तेलकट ढेपीच्या, म्हणजे तेल काढून उरलेल्या पेंडीच्या फोटोवर येतात. गुरंवाले ढेपीसाठी येतात अन् जाताना पावशेर जवसाचं तेलही नेतात.