घरात डिमेन्शियाचं निदान झालंय? आधी एवढं करा

डॉक्टरांनी डिमेन्शिया, म्हणजे स्मरणशक्ती आणि समज हळूहळू कमी होत जाणारा आजार, म्हटलं की घरात दोन दिवस कोणी कोणाशी धड बोलत नाही, सासूबाईंच्या वेळी आमच्याकडेही तेच झालं. रडू आलं तर रडा. पण व्हिटॅमिन बी१२ आणि थायरॉईडची टेस्ट झालीये का हे डॉक्टरांना नक्की विचारा, कारण त्यांच्या गडबडीनेही विसरभोळेपणा येतो आणि त्यावर उपचार आहेत.

मग कागदपत्रं. हा विषय काढायला फार जड जातं, तरी पेशंटला समजून सही करता येतेय तोवरच मृत्युपत्र, नॉमिनी, बँकेचं जॉइंट खातं हे सगळं त्यांना विचारून करून घ्या. नुसत्या पॉवर ऑफ अ‍ॅटर्नीवर विसंबू नका, माणसाची समज गेली की आपल्याकडे ती चालत नाही, मग कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागतात.

सगळ्यात अवघड संध्याकाळ. दिवेलागणीला सासूबाई पिशवीत दोन साड्या आणि देवघरातली घंटी भरून दाराशी उभ्या, "मला घरी सोड, आई वाट बघत असेल". सुरुवातीला मी सांगायचे की अहो हेच तुमचं घर, तुमच्या आईला जाऊन तीस वर्षं झाली, आणि त्या दर वेळी नव्याने रडायच्या. तेव्हा कळलं की चूक सुधारायची नाही. आता मी विचारते, "आई काय करायच्या हो संध्याकाळी?" मग त्या थालीपिठाचं सांगत बसतात, तोवर हातातली पिशवी खाली आलेली असते. अंधार पडायच्या आधीच घरभर दिवे लावा, त्यानेही घाबरणं कमी होतं.

लांबच्या नातेवाईकांनो, फोनवर "मला ओळखलंत का?" असं विचारू नका प्लीज, ती परीक्षा होते. "मी तुमची धाकटी बोलतेय" असं सरळ सांगा. आणि "काही लागलं तर सांग" म्हणण्यापेक्षा एखादा रविवार येऊन बसा, जी बाई दिवसरात्र करतेय तिला तीन तास झोपू द्या. तिला मन मोकळं करायचं असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात.

आणि लपवू नका. शेजारी, किराणावाला, वॉचमन, सगळ्यांना सांगून ठेवा, पेशंटच्या पर्समध्ये नाव आणि फोन नंबरची चिठ्ठी ठेवा. सासूबाई दोनदा गेटबाहेर गेल्या, दोन्ही वेळा वॉचमनदादांनीच खुर्चीवर बसवून मला फोन केला.