सॉकेट तापते, काळे पडते, झटका देते: या चुका टाळा

सोलापुरात नळाला काही दिवसांआड पाणी येते आणि पाण्याच्या दिवशी घरातली वीजही एकदम कामाला लागते. हौदातले पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवणारी मोटार, बादलीत सोडलेला हीटर, साठलेल्या कपड्यांसाठी वॉशिंग मशीन, सगळे सकाळच्या दोन तासांत सुरू होते. एरवी निमूटपणे चालणाऱ्या सॉकेटाची खोड नेमकी याच वेळी उघडी पडते: प्लग काढताना बोटांना चटका बसतो, छिद्रांभोवतीचे पांढरे प्लॅस्टिक तपकिरी दिसू लागते किंवा खोलीत मासळी जळल्यासारखा वास येतो. पुष्कळ जण त्यावर प्लग जरा हलवून बसवतात आणि पुढच्या कामाला लागतात. पहिली चूक तीच.

सॉकेटाच्या आत फारसे काही नसते. समोरून पाहिल्यास उजव्या छिद्रामागे फेज (वीज आणणारी वायर), डाव्या छिद्रामागे न्यूट्रल (प्रवाह परत नेणारी) आणि वरच्या मोठ्या छिद्रामागे अर्थिंग (पत्र्यावर उतरलेली वीज जमिनीत नेणारी) असते. प्रत्येकामागे पितळी पट्टी स्प्रिंगसारखी पिनेला घट्ट धरून ठेवते. घरातल्या २३० व्होल्टच्या विजेचा सगळा प्रवाह त्या पकडीतून जातो. पकड सैल झाली की धातूला धातू पुरता टेकत नाही, तिथला विरोध वाढतो आणि उष्णता निर्माण होते. ९ अँपियर प्रवाह जात असताना त्या जागी अर्धा ओहम विरोध जरी आला, तरी सुमारे ४० वॉट उष्णता तयार होते. म्हणजे भिंतीतल्या त्या डबीत एक छोटी सोल्डरिंग गन चालू ठेवल्यासारखे झाले. तापलेल्या पितळाची लवचीकता जाते, पकड आणखी सैल होते, उष्णता आणखी वाढते. म्हणूनच स्क्रू-ड्रायव्हरने पट्टी आवळून घेण्याचा उपाय दोन-चार दिवसांपलीकडे टिकत नाही.

अशा वेळी केवळ बटण बंद करून भागत नाही. त्या सर्किटचा एमसीबी (मीटरजवळच्या बोर्डावरचा, भार जादा झाला की आपोआप पडणारा खटका) खाली करावा आणि वायरमनकडून सॉकेट बदलून घ्यावे, परंतु त्याचबरोबर प्लगही बदलावा. या दुसऱ्या गोष्टीकडे सहसा दुर्लक्ष होते. काळवंडलेल्या पिनांचा जुना प्लग नव्या सॉकेटात घातला, तर काही आठवड्यांत नवी पट्टीही तशीच खराब होते आणि दोष विनाकारण नव्या मालावर येतो. मागच्या स्क्रूखालची वायर काळी किंवा ठिसूळ झाली असल्यास चांगले तांबे दिसेपर्यंत ती कापूनच पुन्हा जोडायला सांगावे. नवे सॉकेट आयएस १२९३ या मानकाचे आणि आयएसआय चिन्ह असलेले घ्यावे.

सॉकेट सैल होण्याचे मूळ कारण बहुधा भाराच्या हिशेबात असते. आपल्याकडे सॉकेटे दोन मापांची आहेत, ६ अँपियर आणि १६ अँपियर; जुने लोक त्यांना अजूनही पाच आणि पंधरा अँपियर म्हणतात. उपकरणावर लिहिलेले वॉट भागिले २३० केले की अँपियर मिळतात. १,००० वॉटची इस्त्री ४.३ अँपियर घेते, ती लहान सॉकेटावर चालते. १,५०० वॉटचा बादलीतला हीटर ६.५ अँपियर घेतो, २,००० वॉटचा गिझर ८.७ अँपियर. या दोघांचे प्लग मुळात मोठ्या पिनांचे असतात, कारण ते लहान छिद्रात जाऊच नयेत असा हेतू आहे. मोठ्या पिनांचा प्लग लहान सॉकेटात बसवून देणारा, बाजारात मिळणारा कन्व्हर्टर प्लग नेमका तो हेतू मोडतो. एक्स्टेंशन बोर्डाचेही तसेच आहे: त्यावर चार सॉकेटे असली, तरी चौघांचा मिळून प्रवाह एकाच वायरीतून आणि भिंतीतल्या एकाच सॉकेटातून येतो, आणि वायर गुंडाळी करून ठेवली असेल, तर तिची उष्णता बाहेर पडायलाही वाट राहत नाही. यंत्रमागाला लागून राहणाऱ्यांनी, शहराच्या पूर्व भागात अशी घरे कितीतरी आहेत, सुताचे तंतू आणि धूळ सॉकेटांवर साचू देऊ नयेत. तापलेल्या जागी ते सहज पेट घेतात.

अर्थिंगच्या बाबतीतल्या चुका याहून वाईट, कारण त्या दिसत नाहीत. प्लगची वरची पिन लांब आणि जाड असते, ती उगाच नव्हे. प्लग घालताना ती सर्वांत आधी जोडली जाते, काढताना सर्वांत शेवटी सुटते, आणि झडप असलेल्या सॉकेटात तीच फेज व न्यूट्रलवरची झडप उघडते. असे असताना दोन पिनांचा प्लग बसावा म्हणून वरच्या छिद्रात पेन खुपसणे, त्रास नको म्हणून ती पिन कापून टाकणे, किंवा प्लगच न लावता उघड्या वायरी काडेपेटीच्या काड्यांनी छिद्रात घट्ट बसवणे, हे प्रकार शिकलेल्या घरांतही पाहायला मिळतात. पत्र्याचा कूलर, त्यात भरलेले पाणी आणि ओल्या फरशीवर अनवाणी उभा असलेला माणूस, एवढे एकत्र आल्यावर ती कापलेली पिन काय करत होती ते कळते. जुन्या घरांत जिथे दोनच वायरी आलेल्या असतात, तिथे सॉकेटात अर्थिंगचा स्क्रू न्यूट्रलला जोडून देण्याची पद्धत आहे. ही जोडणी असेल, तर ती आजच काढून घ्यावी. न्यूट्रल वाटेत कुठे तुटले, तर उपकरणाच्या पत्र्यावर थेट फेज येते.

टेस्टर घरी असावा, पण त्याचे बोलणे समजून घ्यावे. बटण बंद असतानाही उजव्या छिद्रात तो ठसठशीत पेटत असेल, तर बटण फेजऐवजी न्यूट्रलवर लावलेले असण्याची शक्यता मोठी. बटण चालू असताना दोन्ही छिद्रांत पेटत असेल आणि उपकरण मात्र चालत नसेल, तर न्यूट्रल तुटले असावे, आणि चालू असलेल्या दुसऱ्या उपकरणातून फेज त्या वायरीवर परत येत असते. दोन्ही वेळा वायरमनला बोलवावे. टेस्टर पेटला नाही म्हणून मात्र वायरीला हात लावू नये.

एमसीबी वारंवार पडतो म्हणून मोठ्या अँपियरचा बसवणे म्हणजे भिंतीतल्या वायरीलाच फ्यूज बनवणे. शिवाय एमसीबी जादा भार आणि शॉर्टसर्किट ओळखतो; अंगातून जाणारा प्रवाह त्याच्या हिशेबात बसत नाही. त्यासाठी ३० मिलिअँपियरची आरसीसीबी (गळणारा प्रवाह ओळखून वीज तोडणारी यंत्रणा) लागते, आणि तिच्यावरचे चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून ती पडते का ते पाहावे.

एक बाब खास आपल्याकडची. सोलापूरच्या परिसरातील काळी माती उन्हाळ्यात सुकून आकसते, भेगाळते आणि जमिनीत पुरलेल्या अर्थिंगच्या नळीपासून सुटते. म्हणजे कूलर ज्या महिन्यांत चालतो, त्याच महिन्यांत अर्थिंग सर्वांत कमजोर असते. माती ओली राहावी म्हणून त्या नळीच्या खड्ड्यात पाणी घालायला हवे हे सर्वांना ठाऊक असते, पण पाणी जपून वापरण्याच्या दिवसांत ते कोणाच्या जिवावर येत नाही? कूलरच्या टाकीतले जुने पाणी बदलताना प्लग काढून ठेवावा आणि ते पाणी मोरीत न सोडता अर्थिंगच्या खड्ड्यात ओतावे.