लंडनमध्ये चार बँडांत वाजवून घर चालवायचं तर

सप्टेंबर उजाडला की मला निरोप यायला लागतात. ‘दादा, लंडनला पोचलो. गिटार सोबत आणलीय. कुठल्या तरी बँडमध्ये चिकटवून द्या ना.’ मी इथे १६ वर्षं बास गिटार वाजवून घरभाडं भरतोय, तेव्हा विचारणं साहजिकच आहे. पण माझा पहिला प्रश्न वाजवण्याबद्दल नसतो. मी विचारतो, व्हिसा कुठला?

स्टुडंट व्हिसावर असाल तर पैसे घेऊन स्टेजवर चढू नका. तासांच्या मर्यादेत काम करता येतं हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण त्या मुभेत स्वतःचा व्यवसाय बसत नाही आणि करमणूक करणारा कलाकार म्हणून कामही बसत नाही. नियमांत या दोन्ही गोष्टींना स्पष्ट मनाई आहे. ‘अरे, रोख देतात, कोणाला कळतंय’ असं सांगणारे भेटतील. बँडचे व्हिडिओ तारखेसकट इंटरनेटवर पडलेले असतात, एवढं त्यांना सांगा. ग्रॅज्युएट व्हिसा, म्हणजे इथलं शिक्षण संपल्यावरचा, मिळाला की स्वतंत्र व्यवसाय करता येतो. नवरा किंवा बायको स्किल्ड वर्कर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, असून तुम्ही त्यांचे जोडीदार म्हणून आला असाल, तरीही करता येतो. तुम्ही स्वतःच स्किल्ड वर्कर असाल तर मुख्य नोकरीबाहेरच्या कामाला अटी आहेत. तिथे मित्राच्या मित्राचा सल्ला चालत नाही, इमिग्रेशन वकिलाची फी भरा. परवानगी येईपर्यंत गाणी बसवा आणि इतरांचे गिग, म्हणजे कार्यक्रम, ऐकायला जा.

आता ज्यांना वाजवायची मुभा आहे त्यांच्याशी बोलतो.

येणाऱ्या बहुतेकांच्या डोक्यात ‘माझा बँड’ असतो, एकवचनी. पण एका बँडकडे तुम्हाला पोसण्याइतक्या तारखा नसतात. मी चार ठिकाणी वाजवतो. एक लग्नं आणि पार्ट्यांचा बँड, ज्याला इथे फंक्शन बँड म्हणतात. दुसरा हिंदी गाण्यांचा, तो वेम्बली-हॅरोपासून लेस्टरपर्यंतच्या हॉलमध्ये फिरतो. तिसरं रविवार दुपारचं एका पबमधलं जॅझ त्रिकूट. चौथा आमच्या स्वतःच्या गाण्यांचा बँड. पहिल्या दोघांवर घर चालतं, तिसऱ्यावर हात चालू राहतो आणि चौथा माझ्याच खिशातून पैसे नेतो. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

बँड निवडताना मी एकच बघतो: त्यांचे हंगाम वेगळे आहेत का. इंग्रजी लग्नं मे ते सप्टेंबरात दाटतात, डिसेंबरात ऑफिसांच्या पार्ट्या असतात आणि जानेवारी-फेब्रुवारीत शुकशुकाट. दोन फंक्शन बँड धरले तर जूनच्या एकाच शनिवारी दोघेही तुम्हाला मागणार आणि जानेवारीत दोघेही गप्प बसणार. हिंदी बँडचं काम नवरात्र ते दिवाळी जोरात असतं, म्हणजे इंग्रजी लग्नं ओसरल्यावर. पबचं त्रिकूट रविवारी, म्हणजे शनिवारच्या आड येत नाही. ही मांडणी मला सुचली असं नाही, दोन वर्षं जानेवारीत बास विकायची वेळ आल्यावर जमली.

पण तुम्हाला सुरुवातीला कोणी बँडमध्ये जागा देणार नाही. तुम्ही आत याल ते डेप म्हणून. डेप म्हणजे डेप्युटी, बदली वादक. इथला अख्खा धंदा या प्रथेवर उभा आहे. वेस्ट एंडच्या, म्हणजे लंडनच्या नाट्यगृहांच्या भागातल्या, संगीत नाटकांचे आठवड्याला आठ प्रयोग होतात, प्रत्येक प्रयोगाला तोच वादक बसणं अशक्य. म्हणून खुर्ची ज्याची असते तो आपले डेप तयार ठेवतो. नवा डेप आधी पिटमध्ये, म्हणजे स्टेजपुढच्या वादकांच्या जागेत, नुसता शेजारी बसून प्रयोग बघतो, कंडक्टरचा हात बघतो, नोटेशनच्या वहीत खुणा करून घेतो आणि मग एका संध्याकाळी, तालमीशिवाय, थेट वाजवतो. फंक्शन बँडमध्ये हेच, फक्त आणखी घाईत. शनिवारी दुपारी फोन येतो: बासवाला आजारी आहे, सात वाजता हर्टफर्डशरमध्ये लग्न आहे, काळा सूट आहे का? हा फोन म्हणजेच मुलाखत.

त्या रात्री चमकायला जाऊ नका. रेकॉर्डवर बास जसा आहे तसा वाजवा. डेपचं काम इतकं बेमालूम असावं की मूळ माणूस नाही हे पाहुण्यांना कळूच नये. मध्यंतरात कोणी पाहुणा येऊन म्हणेल, तुमचा नंबर द्या, आमच्याकडे पण कार्यक्रम आहे. नंबर द्यायचा तो बँड चालवणाऱ्याचा, आपला नाही. ही इथली सगळ्यात महत्त्वाची न लिहिलेली रीत आहे. ती मोडणाऱ्याचं नाव चार दिवसांत सगळीकडे पोचतं. आणि ज्याच्या जागी गेलात त्याची खुर्ची मागू नका, बँडने स्वतःहून विचारलं तरी आधी त्याला फोन करा.

पुढे तुमचे स्वतःचे बँड झाले की तुम्हीही डेप पाठवाल, आणि मी तोंडघशी पडलो तो इथेच. तिसऱ्या वर्षी एका शनिवारी मी फंक्शन बँडला होकार दिलेला होता. नंतर जास्त पैशांचं काम आलं. मी बँड चालवणाऱ्याला न विचारता एक चांगला वादक परस्पर पाठवून दिला आणि गाण्यांची यादी माझ्याकडे होती ती पाठवली. ती जुनी होती. मधल्या काळात गायक जाऊन गायिका आली होती आणि निम्म्या गाण्यांची पट्टी बदलली होती. नवराबायकोच्या पहिल्या नाचाला सगळा बँड नव्या पट्टीत आणि बास जुन्या पट्टीत, अशा चार मात्रा गेल्या. नंतर मला कोणी एक शब्द बोललं नाही. अकरा महिने त्या बँडचा फोन आला नाही, बस्स. इथे माणसं भांडत नाहीत, त्यामुळे आपलं काय चुकलं हे शोधायला वेळ लागतो.

तेव्हापासून माझी रीत ठरलेली आहे. आधी बँड चालवणाऱ्याला विचारायचं, त्याच्या पसंतीच्या तीन नावांपैकीच एकाला बोलवायचं. डेपला ताजी यादी, प्रत्येक गाण्याची पट्टी, कॉर्ड चार्ट, मागच्या गिगचं रेकॉर्डिंग, कपडे, गाडी कुठे लावायची, सामान किती वाजता आत घ्यायचं आणि जेवण मिळणार की नाही, हे सगळं एकाच निरोपात पाठवायचं. मानधन त्याला पूर्ण द्यायचं. मधले वीस पौंड कापून घेणारे लोक आहेत. त्यांना चांगले डेप मिळत नाहीत.

डायरी एकच ठेवा. बँडगणिक वेगळी नको, डोक्यात तर नकोच. इथे तारीख दोन प्रकारची असते: पेन्सिल आणि पक्की. कोणी ‘पेन्सिल करून ठेव’ म्हटलं तर तारीख तुमच्या नावावर पडलेली नाही, पण तुम्ही ती परस्पर दुसऱ्याला देऊही शकत नाही. त्या दिवशीचं दुसरं काम आलं की पहिल्याला फोन: उद्या संध्याकाळपर्यंत पक्कं कर, नाहीतर मी सोडतोय. हे उद्धटपणाचं वाटेल, आपल्याला इतकं रोखठोक बोलायची सवय नसते. पण इथे हाच सभ्यपणा आहे. ‘बघू, करू काहीतरी’ हे उत्तर मात्र इथे होकार समजलं जातं. डायरीत नुसती तारीख लिहू नका, घरातून निघायची वेळ लिहा. दुपारी पबमध्ये आणि रात्री लग्नात वाजवता येतं की नाही ते त्या वेळेवरून कळतं.

पैशांचा हिशेबही त्याच वेळेने करा. समजा गिगचे १५० पौंड ठरले. तीनला निघालात, पाचला सामान लावलं, साउंडचेक, आठ ते अकरा, मध्ये सुट्टी घेऊन, दोन सेट, आवरून दोनला घरी. अकरा तास. पेट्रोल आणि पार्किंगचे ३५ गेले, हातात ११५ उरले, म्हणजे तासाला साडेदहाच्या आसपास. एप्रिल २०२५ मध्ये २१ वर्षांवरच्यांचं किमान वेतन तासाला १२.२१ पौंड ठरलं होतं. गाणी बसवायला घालवलेल्या रात्री मी यात धरलेल्याच नाहीत. असं काम कधीच घेऊ नका असं मी म्हणत नाही. नव्या बँडमध्ये पहिल्यांदा जाताना मीही घेतो. पण आपण किती मिळवतोय हे माहीत असून घ्या.

बिल गिगच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पाठवा, मुदत लिहून. गिऱ्हाईक कंपनी असेल आणि पैसे लांबवत असेल तर १९९८ च्या उशिरा देयकांच्या कायद्याने बँक ऑफ इंग्लंडचा दर अधिक ८ टक्के इतकं व्याज मागता येतं. मी आजवर एकदाही व्याज घेतलेलं नाही. पण स्मरणपत्रात तो कायदा नमूद केला की पैसे येतात.

टॅक्सचं वर्ष ६ एप्रिल ते ५ एप्रिल. या धंद्यातली वर्षाची एकूण आवक १,००० पौंडांवर गेली की पुढच्या ५ ऑक्टोबरपर्यंत एचएमआरसीकडे, म्हणजे इथल्या करखात्याकडे, सेल्फ असेसमेंटची (स्वतः हिशेब देऊन कर भरण्याची) नोंदणी करायची आणि ३१ जानेवारीपर्यंत ऑनलाइन हिशेब देऊन पैसे भरायचे. इथपर्यंत कोणीही सांगतं. न सांगितला जाणारा भाग असा: टॅक्सचं बिल १,००० पौंडांवर गेलं की पुढच्या वर्षाची आगाऊ रक्कमही मागतात, निम्मी त्याच ३१ जानेवारीला आणि निम्मी ३१ जुलैला. म्हणजे पहिल्या वर्षाचं देणं २,००० निघालं तर जानेवारीत ३,००० द्यावे लागतात, आणि जानेवारीत तर गिगच नसतात! प्रत्येक मानधनातला चौथा हिस्सा आल्या दिवशी वेगळ्या खात्यात टाका आणि ते खातं विसरून जा. तारा, काठ्या, गिगचा प्रवास, ॲम्पची दुरुस्ती या सगळ्यांच्या पावत्या ठेवा, तो खर्च वजा होतो.

म्युझिशियन्स युनियनचे सभासद व्हा. १८९३ मध्ये मँचेस्टरमध्ये सुरू झालेली ही संघटना करार वाचून देते, पण माझ्यासारख्याला रोज उपयोगी पडतो तो तिचा १ कोटी पौंडांचा सार्वजनिक दायित्व विमा, म्हणजे आपल्यामुळे दुसऱ्या कोणाला इजा किंवा नुकसान झालं तर भरपाई देणारा. बऱ्याच लग्नाच्या जागा या विम्याचा कागद आणि विजेच्या उपकरणांची पॅट तपासणी बघितल्याशिवाय वायर लावू देत नाहीत. स्वतःची गाणी असतील तर पीआरएसमध्ये, म्हणजे गीतकार-संगीतकारांसाठी पैसे गोळा करणाऱ्या संस्थेत, नाव घाला आणि प्रत्येक गिगनंतर गाण्यांची यादी त्यांच्याकडे नोंदवा. दुसऱ्यांची गाणी वाजवली तर ते पैसे त्या गीतकार-संगीतकारांना जातात, तुम्हाला नाही. कोणाच्या रेकॉर्डिंगमध्ये वाजवलं असेल तर त्याचे पैसे गोळा करणारी पीपीएल ही संस्था वेगळी, आणि तिथे नाव घालणं फुकट आहे.

पट्ट्यांबद्दल थोडं सांगतो, कारण आपल्याकडून आलेल्यांना इथे एक फायदा आहे. गायिका बदलली की काळी दोनचं गाणं पांढरी पाचमध्ये न्यायचं, हे आपण लहानपणापासून पेटीवर बघितलेलं असतं. इथले चांगले वादक कॉर्ड आकड्यांत बोलतात, एक-चार-पाच. ते ऐकताना मनात सा-म-प म्हणा, काम झालं. गायिका स्टेजवर वळून बोटं वर-खाली करून पट्टी सांगते. वरची बोटं म्हणजे पट्टीत किती शार्प (चढे सूर), खालची म्हणजे किती फ्लॅट (उतरे सूर): दोन वर म्हणजे डी, तीन खाली म्हणजे ई फ्लॅट. हे पाठ करून या, कारण त्या क्षणी कोणी समजावून सांगत नाही.

गाडी घेणार असाल तर घेण्याआधी तिचा नंबर ट्रान्सपोर्ट फॉर लंडनच्या साइटवर घालून बघा. ऑगस्ट २०२३ पासून यूलेझ, म्हणजे जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांवरचा आकार, लंडनच्या सगळ्या बरोंत (प्रशासकीय विभागांत) लागू आहे आणि नियमात न बसणाऱ्या गाडीला दिवसाला १२.५० पौंड पडतात. दिवस मध्यरात्री बदलतो. वादक जाताना शुक्रवारी जातो आणि परत येताना शनिवार झालेला असतो, म्हणजे एका गिगला २५ पौंड. गाडी नसेल तर शुक्रवार-शनिवारी रात्रभर ट्यूब, म्हणजे भुयारी रेल्वे, चालते, पण पाचच मार्गांवर. खोली भाड्याने बघताना तो नकाशा हातात ठेवा. ड्रमवाल्यांना हा सल्ला निरुपयोगी आहे, त्यांनी गाडीवाल्या बासवाल्याशी मैत्री करावी. माझ्या गाडीत कायम एक असतो.

आणि पहिल्या मानधनातून कानाचे प्लग घ्या, वादकांसाठी मापाने साच्यातून बनवून देतात ते. इथल्या कामाच्या ठिकाणच्या आवाजाच्या नियमांत ८५ डेसिबल आठ तासांसाठी ही धोक्याची पातळी धरली आहे, आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला तो पंधरा मिनिटांवर येतो. लग्नाच्या नाचगाण्यात ड्रमशेजारी आवाज तितका सहज चढतो आणि तुम्ही तिथे दोन तास उभे असता. मी प्लग घेतले सातव्या वर्षी. बासवाला हाय-हॅटच्या, म्हणजे ड्रममधल्या झांजांच्या जोडीच्या, शेजारी उभा राहतो, डावा कान तिकडे करून. रात्री घरी सगळं शांत झालं की त्या कानात अजून एक बारीक सूर वाजत असतो. एकदा पेटीवर लावून बघितला, कुठल्याच पट्टीत बसत नाही.