फोन गाडीला जोडत नाही? सर्व्हिस सेंटर गाठण्याआधीची तयारी

गाडीच्या स्क्रीनवर फोन दिसेनासा झाला की पहिला विचार येतो तो सर्व्हिस सेंटरचा. नाशिकमध्ये अंबडला किंवा सातपूरला गाडी सोडायची म्हणजे अर्धा दिवस जातो. तिथला मुलगा स्वतःचा फोन जोडून दाखवतो, तो बिनबोभाट जोडला जातो, आणि गाडी ‘दोष आढळला नाही’ असा शेरा घेऊन परत येते. हे टाळायचं असेल तर आदल्या संध्याकाळी तासभर काढा आणि दोष फोनमध्ये आहे, केबलमध्ये आहे की गाडीत, एवढं ठरवून मगच सर्व्हिस सेंटरला फोन लावा.

सामान थोडंच लागतं. डेटा जाणाऱ्या दोन केबल, घरातला दुसरा एक फोन, लाकडी दातकोरणी, टॉर्च, कागद-पेन आणि गाडीचं मॅन्युअल. मॅन्युअल ग्लोव्ह बॉक्समध्ये नसेल तर कंपनीच्या साइटवरून पीडीएफ उतरवून ठेवा, कारण रीसेट कुठल्या बटणाने होतो हे प्रत्येक गाडीत वेगळं असतं. गाडी उघड्यावर आणा. बेसमेंट पार्किंगमध्ये नेट मिळत नाही आणि पहिल्या जोडणीच्या वेळी फोनला नेट लागतं. शिवाय इंजिन बंद ठेवून नुसत्या इग्निशनवर स्क्रीन पाऊण तास चालवली तर १२ व्होल्टची बॅटरी उतरते. इंजिन चालू ठेवायचं तर बंद गॅरेजमध्ये नको, त्या धुराने जीव जाऊ शकतो. गाडी उभी, हँडब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रलला किंवा ऑटोमॅटिक असेल तर पी वर. बऱ्याच स्क्रीन चालत्या गाडीत नवा फोन जोडूच देत नाहीत आणि हा दोष नाही.

आधी एक गल्लत निस्तरून घ्या. ब्लूटूथ, अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्ले, आणि स्क्रीन मिररिंग या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. ब्लूटूथवर कॉल आणि गाणी चालतात, नकाशा येत नाही. अँड्रॉइड ऑटो (अँड्रॉइड फोनसाठी) किंवा कारप्ले (आयफोनसाठी) फोनमधला नकाशा, गाणी आणि कॉल गाडीच्या स्क्रीनवर आणतं. मिररिंगमध्ये फोनची स्क्रीन जशीच्या तशी दिसते. तुमच्या व्हेरियंटमध्ये अँड्रॉइड ऑटो दिलेलंच नसेल तर फोन कितीही बदला, ते दिसणार नाही. एकाच मॉडेलच्या खालच्या आणि वरच्या व्हेरियंटमध्ये हा फरक सर्रास असतो. विकताना ‘टचस्क्रीन आहे’ एवढंच सांगितलेलं असतं. माहितीपत्रकात आपल्या व्हेरियंटचा रकाना नीट वाचा. ‘वायरलेस’ हा शब्द आहे की नाही तेही बघा.

आता दुसरा फोन काढा. या कामात त्याच्याइतकं चांगलं साधन दुसरं नाही. तीच केबल, तोच पोर्ट, फक्त फोन बदला. दुसरा जोडला गेला तर गाडी निर्दोष आहे, तुमच्या फोनच्या सेटिंग उघडा. दोन्ही नाही जोडले तर केबल बदलून पुन्हा बघा. केबल बदलूनही दोन्ही अडले तरच गाडीकडे बोट दाखवा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि कागदावर लिहायची. सगळं एकदम उलटंपालटं केलं आणि जोडणी झाली, तर कशाने झाली ते कळत नाही. मग आठवड्याने तोच प्रकार परत सुरू होतो.

केबलवर थोडं थांबायला हवं, कारण वायरने जोडणाऱ्यांच्या बहुतेक तक्रारी इथेच संपतात. साध्या यूएसबी केबलमध्ये चार तारा असतात, दोन विजेच्या आणि दोन डेटाच्या. सिग्नलवर किंवा मेन रोडच्या हातगाड्यांवर मिळणाऱ्या स्वस्त केबलमध्ये डेटाच्या तारा कित्येकदा नसतातच, म्हणून फोन चार्ज होतो पण स्क्रीनला त्याचा पत्ता नसतो. ‘चार्जिंग होतंय म्हणजे केबल चांगली’ हा समज इथे फसवतो. परीक्षा सोपी आहे. तीच केबल घरच्या लॅपटॉपला लावा आणि फोनमधला एखादा फोटो लॅपटॉपवर उतरवून बघा. उतरला तर डेटा जातो. लांबी एक मीटरच्या आत ठेवा, दोन-तीन मीटरच्या केबलवर सिग्नल कमजोर होतो आणि खड्ड्यागणिक जोडणी तुटते. मागच्या सीटवरून चार्ज करायला घेतलेली लांब केबल पुढच्या डेटा पोर्टला लावू नका. आयफोन १५पासून पुढे टाइप-सी आहे. त्याआधीच्या, लायटनिंग (ॲपलचा जुना पोर्ट) असलेल्या फोनला प्रमाणित केबलच लागते, कारण तिच्या टोकात ओळख पटवणारी चिप असते आणि नकली केबलवर फोन ‘ॲक्सेसरी सपोर्टेड नाही’ म्हणून हात झटकतो. टाइप-ए ते सी करणारी छोटी बोंडं (अडॅप्टर) मध्ये घालू नका. तो आणखी एक सांधा होतो आणि सांधा म्हटला की लूज काँटॅक्ट आलाच.

मग पोर्ट. गाडीत तीन-चार पोर्ट असले तरी स्क्रीनशी जोडलेला बहुधा एकच असतो, समोरचा, त्यावर फोनची किंवा यूएसबीची खूण असते. नुसत्या विजेच्या चिन्हाचा पोर्ट फक्त चार्जिंगचा. डेटा पोर्ट चार्जिंगच्या बाबतीत मात्र हात आखडता घेतो. काही गाड्यांत जेमतेम अर्धा ते दीड अँपिअर मिळतो, त्यामुळे नकाशा चालू असताना फोन चार्ज होण्याऐवजी हळूहळू उतरतो. ही तक्रार घेऊन सर्व्हिस सेंटरला जाऊ नका. फोनचा स्वतःचा पोर्ट टॉर्चखाली बघा. खिशातला कापूस आणि धूळ तळाशी दाबून बसते, केबल आत ‘टक’ करून बसत नाही, जरा हलली की जोडणी जाते. फोन बंद करून लाकडी दातकोरणीने कडेकडेने कोरून काढा. सुई, टाचणी, पिन अजिबात नको, आतल्या पट्ट्या वाकल्या की चार्जिंगही जातं.

अँड्रॉइड फोनमध्ये आवृत्ती १०पासून अँड्रॉइड ऑटो फोनच्या आतच असतं, वेगळा आयकॉन दिसत नाही. सेटिंगच्या शोधपट्टीत ‘अँड्रॉइड ऑटो’ टाइप केलं की सापडतं. तिथे पूर्वी जोडलेल्या गाड्यांची यादी असते. तुमची गाडी नाकारलेल्यांत जाऊन बसली असेल तर सगळ्या गाड्या विसरायला सांगा आणि नवीन गाडी जोडण्याची परवानगी चालू आहे ना ते बघा. पहिल्या जोडणीत फोनवर एकामागून एक परवानग्या विचारल्या जातात आणि घाईत एखादीला ‘नको’ म्हटलं जातं. पुढची सगळी रडकथा बहुतेक त्या एका ‘नको’ची असते. फोन जोडताना त्याचं लॉक उघडं ठेवा. केबल लावल्यावर वरून खाली ओढलेल्या सूचनांमध्ये यूएसबीचा पर्याय ‘फक्त चार्जिंग’वर असेल तर तो ‘फाइल ट्रान्सफर / अँड्रॉइड ऑटो’वर आणा. बॅटरी वाचवण्याच्या नादात काही कंपन्यांचे फोन पाठीमागे चालणारी ॲप मारून टाकतात. त्यामुळे सुरुवातीला सगळं ठीक चालतं आणि दहा-पंधरा मिनिटांनी स्क्रीन काळी पडते. अँड्रॉइड ऑटो, गूगल, नकाशे आणि गूगल प्ले सर्व्हिसेस या चौघांना बॅटरी सेटिंगमध्ये ‘अनरिस्ट्रिक्टेड’ करा. पॉवर सेव्हर बंद ठेवा.

आयफोनमध्ये सिरी बंद असेल तर कारप्ले चालत नाही. बऱ्याच जणांनी सिरी कधीतरी कंटाळून बंद केलेली असते आणि तिचा इथे काय संबंध, हे ध्यानातच येत नाही. जनरलमध्ये कारप्ले उघडून गाडीचं नाव निवडा, लॉक असताना चालू द्यायची परवानगी तिथेच आहे. मुलांसाठी स्क्रीन टाइमची बंधनं लावली असतील तर परवानगी दिलेल्या ॲपच्या यादीत कारप्ले आहे का तेही तपासा.

ब्लूटूथच्या तक्रारी वेगळ्या. कॉल, गाणी आणि फोनबुक यांच्या वाटा ब्लूटूथमध्ये निरनिराळ्या असतात, म्हणून कॉल गाडीतून ऐकू येतो पण गाणं फोनमध्येच वाजत राहतं. फोनच्या ब्लूटूथ यादीत गाडीच्या नावापुढचं दातेरी चाकाचं, म्हणजे सेटिंगचं चिन्ह दाबा, ‘मीडिया ऑडिओ’ चालू करा. स्क्रीनवर नावांऐवजी नुसते नंबर दिसत असतील तर तिथेच संपर्कांची परवानगी द्या, आयफोनमध्ये ‘सिंक काँटॅक्ट्स’. घरात दोघांचे फोन गाडीला जोडलेले असतील तर आधी पोचेल तो फोन जागा पटकावतो. बाहेर निघताना एक फोन तुमच्या खिशात आणि दुसरा जवळच जिन्यात उभ्या असलेल्या माणसाकडे असेल, तर त्याचा कॉल गाडीत वाजतो. काही स्क्रीनमध्ये प्राधान्याचा फोन ठरवता येतो, तो ठरवून टाका.

पेअर करूनही जुळत नसेल तर दोन्हीकडून पुसायचं. नुसतं फोनमधून ‘फॉरगेट’ करून भागत नाही. गाडी जुनी खूण धरून बसते, फोन नवी मागतो, आणि दोघे एकमेकांना नाकारत राहतात. गाडीच्या यादीतून फोन काढा, फोनमधून गाडी काढा, दोन्ही बंद करून चालू करा, मग नव्याने जोडा. सेकंडहँड गाडी असेल तर आधीच्या मालकाचे फोन यादीत असतात आणि यादी भरली की नवा फोन घेत नाही. ते काढून टाका. गाडी विकताना आपलेही काढावेत, फोनबुक त्यातच राहतं.

गाडीचं घड्याळ आणि तारीख बघायची राहून जाते. बॅटरी बदलली किंवा काढून लावली की काही गाड्यांत तारीख काही वर्षं मागे जाते. फोन आणि स्क्रीन एकमेकांची सुरक्षा प्रमाणपत्रं तपासतात आणि तारीख चुकीची असेल तर प्रमाणपत्र अमान्य ठरतं. केबल बदलून, फोन बदलून दमलेल्या माणसाचं काम घड्याळ लावल्यावर दोन मिनिटांत होतं. जीपीएसवरून आपोआप वेळ घेण्याचा पर्याय असेल तर तो चालू ठेवा, टाइम झोन भारताचा.

त्यानंतरच स्क्रीनचा रीसेट. आधी साधा, पॉवर बटण काही सेकंद दाबून धरून. फॅक्टरी रीसेट सगळ्यात शेवटी, कारण जोडलेले फोन, रेडिओची स्टेशनं, आवाजाची जुळणी सगळं जातं. आधी या सेटिंगचे फोटो काढून ठेवा. बॅटरीचं टर्मिनल काढण्याचा सल्ला कोणी दिला तर तो बहुधा अनावश्यक असतो. करायचंच असेल तर दहा नंबरचा पाना घेऊन आधी मायनस काढा, लावताना मायनस शेवटी. त्यानंतर काही गाड्यांच्या आपोआप वर जाणाऱ्या काचा पुन्हा शिकवाव्या लागतात.

वायरलेसचं दुखणं निराळं. फोन आणि गाडी ब्लूटूथवर एकमेकांना ओळखतात, मग सगळा डेटा वायफायवरून जातो. त्यामुळे फोनचं वायफाय बंद असेल तर ब्लूटूथ जोडलेलं दिसतं आणि स्क्रीनवर काहीच येत नाही. बहुतेक अँड्रॉइड फोनना ११ किंवा पुढची आवृत्ती लागते. व्हीपीएन (फोनचं नेट दुसऱ्या सर्व्हरमधून फिरवणारी सोय) चालू असेल तर बंद करून बघा. ऑफिसच्या फोनमध्ये तो न विचारता चालू असतो. फोनचा हॉटस्पॉटही तेवढ्यापुरता बंद ठेवा. इमारतीखाली उभ्या गाडीत फोन घरच्या वायफायला चिकटून राहतो आणि गाडी गेटबाहेर पडल्यावरच जोडणी होते, तेव्हा चाचणी घराच्या वायफायपासून दूर घ्या. वायरवाल्या जोडणीला वायरलेस करणारा डोंगल (पोर्टला लावायचं छोटं उपकरण) घेणार असाल तर गाडीत आधी वायरने अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्ले चालत असलं पाहिजे. डोंगल नवीन सोय देत नाही, आहे त्या सोयीची वायर काढतो. आणि मे महिन्यात वायरलेस चार्जिंग पॅडवर फोन ठेवून वायरलेस नकाशा चालवू नका. नाशिकच्या उन्हात डॅशबोर्ड तापलेला, खालून चार्जिंगची उष्णता, आत वायफाय आणि जीपीएस. फोन तापून चार्जिंग थांबवतो किंवा जोडणी सोडतो. आयफोन वापरायला कंपनीने सांगितलेलं बाहेरचं तापमान ३५ अंशांपर्यंतच आहे. एसीच्या झोतासमोर ठेवा.

बाहेरून बसवलेला अँड्रॉइड स्टिरिओ असेल तर वायरिंगच बघा. पिवळी वायर बॅटरीची कायमची, लाल चावीबरोबर चालू-बंद होणारी, काळी अर्थिंगची. बसवणाऱ्याने पिवळी आणि लाल एकत्र करून दोन्ही चावीच्या वायरला जोडल्या असतील तर गाडी बंद केली की स्टिरिओ घड्याळ आणि जोडलेले फोन दोन्ही विसरतो. दोन्ही बॅटरीच्या कायमच्या वायरला दिल्या असतील तर स्टिरिओ झोपतच नाही आणि चार दिवस उभ्या गाडीची बॅटरी बसते. मूळ वायर कापू न देता कपलर (वायरींना जोडणारा तयार प्लग) लावूनच काम करून घ्या, वायर कापलेली दिसली की वॉरंटीच्या वेळी वाद होतो. समोरच्याला आवाज विहिरीतून आल्यासारखा जात असेल तर बाहेरचा माइक काढून ए-पिलरवर (समोरच्या काचेच्या बाजूच्या खांबावर), तोंडासमोर लावायला सांगा.

कसाऱ्याच्या घाटातून किंवा सप्तशृंगीच्या वाटेवर जायचं असेल तर नकाशा आधी ऑफलाइन उतरवा. घाटात नेट गेलं की नकाशा गोठतो आणि लोक जोडणीवर खापर फोडतात. जीपीएसला नेट लागत नाही, उतरवलेल्या नकाशावर वाट सापडते, वाहतुकीची माहिती तेवढी मिळत नाही.

इतकं करूनही अडलं तर सर्व्हिस सेंटरला हात हलवत जाऊ नका. दोष दिसतानाचा व्हिडिओ घ्या, त्यात स्क्रीन आणि फोन दोन्ही दिसू द्या. फोनचं मॉडेल, त्याची आवृत्ती, स्क्रीनच्या सेटिंगमधला सॉफ्टवेअर आवृत्तीचा नंबर आणि कागदावरची नोंद सोबत ठेवा. दोष किती वेळाने येतो, गाडी थंड असताना की तापल्यावर, तेही लिहा. आपलीच केबल आणि आपलाच फोन घेऊन काउंटरवर नाही, गाडीत बसून दाखवा. सॉफ्टवेअर अपडेट करणार म्हणाले तर अपडेट चालू असताना इग्निशन बंद करू नये, आणि पेनड्राइव्हवरची फाइल त्याच मॉडेलची, त्याच वर्षाची आहे ना ते विचारा. जॉब कार्डवर ‘फोन चालत नाही’ असं लिहू देऊ नका. ‘दोन फोन, दोन केबल, समोरचा पोर्ट, दहा मिनिटांनी जोडणी तुटते’ असं लिहून घ्या. गाडी परत घेताना आवृत्तीचा नंबर पुन्हा बघा. तो बदललेला नसेल तर अपडेट झालेलं नाही.