सरावात कोसळलेल्या लढाऊ विमानाचा माग कसा काढावा

दुसऱ्या महायुद्धात सरावाच्या उड्डाणात जीव गेलेल्या वैमानिकाची माहिती शोधायची असेल, तर नुसतं नाव घेऊन बसू नका, हे मी प्रत्येकाला पहिल्यांदा सांगते. एका नावाची चार माणसं निघतात. तारीख आणि विमानाचा अनुक्रमांक धरा.

उदाहरणाला ‘हाय फ्लाइट’ या प्रसिद्ध कवितेचा कवी, वैमानिक जॉन गिलेस्पी मॅगी घ्या. शांघायमध्ये जन्मलेला, कॅनडाच्या हवाई दलातला, वय 19. 11 डिसेंबर 1941 ला लिंकनशायरमध्ये स्पिटफायर या लढाऊ विमानात (अनुक्रमांक एडी291) त्याचा जीव गेला.

आधी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या (राष्ट्रकुलातल्या युद्धमृतांच्या कबरी सांभाळणाऱ्या संस्थेच्या) साइटवर नोंद काढा. फुकट आहे. सेवा क्रमांक, तुकडी, कबर (मॅगीची स्कोपविकला) सगळं मिळतं. खडकीच्या वॉर सिमेट्रीतल्या वैमानिकांसाठीही सुरुवात इथूनच.

मग लंडनजवळच्या क्यू इथलं नॅशनल आर्काइव्ह्ज. स्क्वॉड्रनच्या, म्हणजे हवाई तुकड्यांच्या, रोजनिशा ‘एआयआर 27’ मालिकेत आहेत. मॅगीची स्क्वॉड्रन 412 वी. त्यात फॉर्म 540 म्हणजे दिवसाचा गोषवारा आणि 541 म्हणजे एकेका उड्डाणाची नोंद, दोन्ही वाचा. माणूस प्रशिक्षण तुकडीत असेल तर ‘एआयआर 29’ बघा. बरेच जण 27 मध्ये सापडलं नाही म्हणून शोधच सोडतात, याचं मला फार वाईट वाटतं. कॅनडाच्या मृत सैनिकांच्या सेवा-फायली ओटावाच्या अभिलेखागारात सर्वांना खुल्या आहेत.

अपघाताचं कारण फॉर्म 1180 या कार्डावर असतं. त्यासाठी लंडनमधल्या हेंडनच्या आरएएफ (ब्रिटिश हवाई दल) म्युझियमला लिहा. कार्डावर ‘वैमानिकाची चूक’ असेल तर तेवढ्यावर निकाल देऊ नका. ढग किती होते, आसपास कोणते तळ होते, तेही तपासा.

टक्कर असेल तर दुसरं विमान शोधायलाच हवं. मॅगी ढगांतल्या फटीतून खाली आला आणि क्रॅनवेल हवाई तळाच्या ‘ऑक्सफर्ड’ नावाच्या प्रशिक्षण विमानावर आदळला. मॅगीनं कॉकपिटचं झाकण सरकवून उडी घेतल्याचं एका शेतकऱ्यानं पाहिलं, पण पॅराशूट उघडण्याइतकी उंची उरली नव्हती. ऑक्सफर्डमधला शिकाऊ वैमानिकही वाचला नाही. मॅगीबद्दल पानंच्या पानं लिहिली गेली, या मुलाबद्दल जवळजवळ काहीच नाही. ग्रेव्हज कमिशनच्या साइटवर तीच तारीख टाका, हवाई दल निवडा आणि यादी ओळीनं वाचा.

जागा सापडली तरी खणू नका. ब्रिटनमध्ये 1986 च्या कायद्यानं अशा विमानांच्या अवशेषांना संरक्षण आहे. उत्खननाला संरक्षण मंत्रालयाचा परवाना लागतो, आणि जमीनमालकाची परवानगी वेगळी घ्यावी लागते.